कॉलेज रोडचा कापडी फुलांचा क्लास: फूल येतं, बुके येत नाही

आधीच सांगते, क्लासचं नाव लिहिणार नाहीये. घरगुती क्लास आहे, मॅडम मनापासून शिकवतात, आणि नाव लिहिलं की लोक जाऊन वाद घालतात, ते मला नकोय. पण नाशकात असे क्लास आता बरेच निघालेत, सगळीकडे साधारण हेच शिकवतात आणि हेच किट देतात, त्यामुळे पैसे भरायच्या आधी वाचून घ्या, उपयोग होईल.

मी का गेले ते सांगते. माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीचं लग्न होतं, शरणपूर रोडच्या चर्चमधे, ते पण मे महिन्यात. दोन वर्षांपूर्वी तिच्या मोठ्या बहिणीचं लग्न असंच मे मधे झालेलं, तेव्हा खऱ्या पांढऱ्या गुलाबांचा बुके होता, सकाळी बघितला तर नजर लागेल इतका सुंदर आणि दुपारी फोटो काढेपर्यंत पाकळ्यांच्या कडा चहात बुडवून काढल्यासारख्या. त्यामुळे हिने ठरवलेलंच की आपल्याला कापडी पाहिजे. मग मला म्हणाली तू कर ना, तुला येतं सगळं. मला काय येतं तर आकाशकंदील आणि भाच्याला शाळेत लागतात त्या राख्या. पण हो म्हणून बसले.

आमच्या घरी आधी कुणाला कळेचना की बुकेला एवढं काय. आपल्याकडे बुके म्हणजे रिसेप्शनला पाहुणे आणतात तो, चकचकीत कागदातला, स्टेजच्या मागे ढीग लागतो आणि दुसऱ्या दिवशी हॉलच्या कचऱ्यात जातो. चर्चच्या लग्नात तसं नाही, नवरी तो हातात घेऊन दारापासून वेदीपर्यंत चालत जाते, सगळे वळून तिच्याकडेच बघत असतात आणि प्रत्येक फोटोत तो पोटासमोर असतो. म्हणजे खोटं दिसलं तर तिथेच दिसणार. बाबा म्हणाले या गावाला मोगलांच्या काळात गुलशनाबाद म्हणायचे, आजही दिंडोरीकडे जानोरी मोहाडीला गुलाब पिकतात नि बाहेर जातात, आणि तू इथे बसून चिंध्यांचे गुलाब करणार. बाबांना काय, बोलायला पैसे पडत नाहीत.

तर क्लास. शनिवार रविवार, अकरा ते पाच, फी २२०० रुपये, त्यात किट. "संपूर्ण ब्रायडल बुके, साहित्यासह" असं व्हॉट्सॲपवर आलेलं, हे वाक्य लक्षात ठेवा. आम्ही आठ जणी होतो. इंदिरानगरच्या एक काकू मुलीच्या रुखवतासाठी शिकायला आलेल्या, दोघी केसाच्या क्लिपा करून विकणाऱ्या, बाकीच्या हौशी. बुके करायचाय अशी मी एकटीच, हे पहिल्या चहाला कळलं आणि तेव्हाच मनात थोडी शंका आली.

पहिला दिवस मात्र एक नंबर. खरंच. मॅडमचा हात म्हणजे काय सांगू. अडीच इंची चौकोन, साटीनचा. कोपऱ्यावर कोपरा ठेवून त्रिकोण. मग बाजूची दोन्ही टोकं खालच्या टोकावर आणायची की परत छोटा चौकोन होतो, बर्फीसारखा उभा. तो उलटा करायचा आणि दोन्ही बाजूचे कोपरे मागे मधोमध आणून चिमटीत धरायचे. झाली गोल पाकळी. सांगायला दोन ओळी लागतात, करताना पहिली अर्धा तास कापड बोटातून निसटत असतं कारण साटीन म्हणजे सुळसुळीत, घडी घातली की परत उलगडून तुमच्याकडे बघतं. मॅडम चिमटा वापरायच्या, भुवयांचा नाही, लांब टोकाचा असतो तो, आणि बोलता बोलता एका मिनिटात तीन पाकळ्या खाली. टोकदार पाकळी त्याहून सोपी, त्रिकोणाचा त्रिकोण आणि त्याचा अजून एक त्रिकोण, खालची कड कापायची आणि मेणबत्तीवरून नुसती फिरवायची. मग सुईदोरा घेऊन पाच नाहीतर सहा पाकळ्यांची खालची टोकं ओवायची, दोरा ओढला की सगळ्या आपोआप गोलात बसतात. तो दोरा ओढायचा क्षण, काकू एकदम "अगंबाई" म्हणाल्या, आणि मग सगळ्याच हसलो कारण प्रत्येकीच्या तोंडून तसंच काहीतरी निघालेलं.

ही पद्धत मूळ जपानची, कान्झाशी म्हणतात, म्हणजे खरं तर केसात खोचायच्या दागिन्याचं नाव ते. तिकडे रेशमाचे चौकोन चिमट्याने दुमडून भाताच्या खळीने चिकटवायची जुनी पद्धत आहे, आणि क्योटोतल्या शिकाऊ नर्तकी दर महिन्याला त्या महिन्याचं फूल केसात घालतात. हे मॅडमनी चहा पिता पिता सांगितलं. मला ते भाताच्या खळीचं फार आवडलं, आपल्याकडे पतंगाला लावतातच की भात.

दुपारी गुलाब. हा कान्झाशी नाही, हा रिबनचा, घडी घालत गुंडाळायचा. दीड इंची रिबन, एका गुलाबाला पाऊण मीटर लागते. सुरुवातीला टोक घट्ट गुंडाळून कळी करायची, खाली दोन टाके, मग रिबनची वरची कड तिरकी बाहेर दुमडायची आणि त्या दुमडीवरून कळी फिरवायची, दुमड संपली की खाली टाका, परत दुमड, परत फिरव. आठ नऊ दुमडी झाल्या की गुलाब. सगळी गंमत त्या बाहेरच्या दुमडीत आहे, ती घट्ट ओढली की कोबी होतो, सैल सोडली की पाकळी पडते. माझे पहिले चार कोबीच होते. पाचव्याला मॅडमनी माझा अंगठा धरून दाखवलं की ओढायचं नाही, रिबन नुसती टेकवायची आणि फिरवायचं ते कळीला. तिथून जमायला लागलं. पहिल्या गुलाबाला पंचवीस मिनिटं लागली होती, संध्याकाळपर्यंत बारावर आले. एवढ्यासाठी अर्धी फी वसूल, हे मी आजही म्हणते, व्हिडिओ बघून तो अंगठा कळत नाही.

आता किट.

पहिली गोष्ट, रिबन एकाच बाजूने चमकणारी होती. साध्या क्लिपेला चालते. पण वर सांगितलं तसं हा गुलाब रिबन बाहेर दुमडूनच होतो, म्हणजे अर्ध्या पाकळ्यांना रिबनची मागची बाजू वर येते. एकेरी साटीनला ती मागची बाजू फिकी, मेणचट दिसते. त्यामुळे प्रत्येक गुलाब एक पाकळी चमकतीय एक मेलीय असा. मॅडमच्या सॅम्पलला दोन्ही बाजूने चमकणारी रिबन होती, मी शेजारी ठेवून बघितलं. विचारलं तर म्हणाल्या ती महाग पडते. अहो मग २२०० कसले?

दुसरी, रिबन किती तर दहा मीटर. पाऊण मीटरने तेरा गुलाब होतात, त्यातले चार कोबी गेले. "संपूर्ण ब्रायडल बुके" नऊ गुलाबांत नाही होत, नवरी काय प्राध्यापकांच्या सत्काराला चाललीय का.

तिसरी, ग्लू गन. छोटी, सात मिलिमीटरच्या कांडीची. तिची तक्रार नाही, फुलांना छोटीच बरी पडते, पण स्टँडची तार पहिल्याच दिवशी निघाली आणि गन आडवी पडून टेबलावर गोंद सांडत राहिली, माझ्या मधल्या बोटाला अजून डाग आहे. स्वयंपाकात इतक्या वर्षांत एवढं भाजलं नव्हतं.

आणि चौथी माझी चुकलेली तक्रार, ती पण सांगायला पाहिजे. हिरवी टेप असते ना, तारेवर गुंडाळायची, ती चिकटतच नव्हती. मी सगळ्यांसमोर म्हटलं मॅडम टेप जुनी आहे, वाळलीय. त्यांनी शांतपणे टेपचं टोक धरून ताणलं आणि गुंडाळलं, आणि ती बसली. ती कागदाची असते, त्यात मेण असतं, ताणल्याशिवाय चिकटत नाही. काकूंनी माझ्याकडे बघितलं पण बोलल्या काही नाहीत, भल्या आहेत.

दुसरा दिवस ढिला गेला. बारापर्यंत कालचंच, मग दोन तास क्लिपा आणि हेअरबँड, कारण बहुतेकींना तेच पाहिजे होतं. बुके आला तेव्हा चार वाजून गेलेले. तारा लावल्या, एका हातात गोळा केल्या, टेप गुंडाळली, वर रिबन, ग्लू गनने टोक चिकटवलं, फोटो, टाळ्या, सर्टिफिकेट. सर्टिफिकेटवर माझ्या आडनावात चूक. बुके फोटोत बरा दिसत होता, हातात घेतला की फुलं माना टाकत होती.

घरी येऊन खरं शिक्षण सुरू झालं म्हणा.

रिबन आणायला मेन रोडला गेले. ज्यांना माहितीये त्यांना सांगायला नको, तिथे आणि दहीपुलाकडे लेस, टिकल्या, अस्तरं सगळं मिळतं, गाडी मात्र लांब लावा आणि चालत जा. दुकानात ट्यूबलाइटखाली सगळे पांढरे सारखेच दिसतात. माझ्याकडे मैत्रिणीच्या गाऊनचं कातरण होतं, ते काढलं तर दुकानातले काका म्हणाले, ताई बाहेर उजेडात जाऊन बघा. बाहेर पायरीवर उभी राहिले आणि बघते तर गाऊन सायीच्या रंगाचा आणि किटमधली रिबन निळसर पांढरी, नीळ घातलेल्या धोतरासारखी. म्हणजे दोन दिवस मी चुकीच्या पांढऱ्यात गुलाब केले. काकांनी साय रंगाचा दुहेरी साटीनचा रोल काढला, पंचवीस यार्डांचा, म्हणजे साधारण तेवीस मीटर. एकवीस गुलाबांना पावणेसोळा मीटर लागणार, बाकीची दांडीला आणि चुकांना. तेवढं बरोबर पुरलं, हातात वीतभर उरली. जाड तार अठरा नंबरची घेतली दांड्यांना आणि चोवीसची बारीक कळ्यांना, नंबर मोठा तेवढी तार बारीक असते हे विसरून मी आधी उलटंच मागितलं होतं.

मग पैठणी. चर्चमधे गाऊन असला तरी संध्याकाळच्या जेवणाला ती येवल्याहून आणलेली पैठणी नेसणार होती, मोरपिशी, जांभळ्या काठाची, आणि शिंप्याकडून ब्लाऊजचं उरलेलं कापड आलेलं. तिची इच्छा की बुकेत मधे मधे त्याची छोटी टोकदार फुलं असावीत. क्लासमधे मी हे विचारलेलं, तर उत्तर मिळालं की सेम पद्धत, मेणबत्तीवर कड फिरवायची. नशीब की आधी एका चिंधीवर करून बघितलं. बाजारातलं साटीन म्हणजे पॉलिस्टर, ते आचेला वितळतं, कड आपोआप बंद होते. पैठणी म्हणजे रेशीम. ते वितळत नाही, जळतं. चर्र झालं, जळक्या केसांचा वास सगळ्या घरात, आणि कड काळी होऊन हातात भुगा. आई आतून ओरडली काय जाळतेस गं. हे क्लासवाल्यांनी सांगायलाच पाहिजे होतं, माझ्यासारखीने थेट कापडाला आच लावली असती तर मैत्री संपलीच होती.

उपाय आमच्या खालच्या मजल्यावरच्या टेलर काकांनी सांगितला. कापायच्या रेघेवर आधी पातळ फेविकॉलचा हात, पूर्ण वाळू द्यायचा, मग कात्री. दशा निघत नाहीत आणि घडी पण कडक बसते. जरीचा काठ मात्र पाकळीला घेऊ नका, चौथ्या घडीला जरीची तार मोडते आणि टोकं बोटाला टोचतात. मी फक्त मोरपिशी अंग घेतलं, दोन इंची चौकोन, नऊ छोटी फुलं. काकांनी अजून एक दाखवलं, उरेब, म्हणजे तिरकी, कापलेली पट्टी घेऊन गुलाब गुंडाळला तर पाकळी जास्त गोल वळते, कारण उरेब कापड ताणलं जातं. रिबन उरेब नसते म्हणून ती टोकाला कडक राहते. हे ऐकून परत सगळं नव्याने करावंसं वाटलं पण लग्नाला दहा दिवस होते आणि माझं ऑफिस अंबडला, सातला घरी पोचते, तेव्हा गप्प बसले.

आता सगळ्यात मोठा घोळ. मॅडमचं म्हणणं, टाके कशाला घालता, ग्लू लावा, पटापट होतं. खरंय, निम्म्या वेळात होतं. मी सात गुलाब ग्लूवर केले, बाकीचे टाक्यावर कारण रात्री अकराला गन लावायचा कंटाळा येतो, टीव्हीसमोर बसून सुई चालवता येते. सगळे एका डब्यात घालून मैत्रिणीला दाखवायला निघाले, स्कूटीच्या डिकीत डबा, आणि मधे ऑफिसला थांबले. मे महिना, पार्किंगला शेड नाही. संध्याकाळी तिच्या घरी डबा उघडला तर सातच्या सात ग्लूवाले गुलाब ढिले, पाकळ्या घसरून खाली आलेल्या, दोन एकमेकांना चिकटलेले. गरम गोंद परत गरम झाला की परत मऊ होतो, एवढी साधी गोष्ट, डोक्यातच आली नाही. टाक्यावाले चौदा जसेच्या तसे. ती बिचारी म्हणाली छान आहेत गं, पण आवाजावरून कळतंच की. परत येऊन सातही उसवले, गोंद सोलला, नवीन रिबन कापली. लग्नाच्या दिवशी बुके दोन तास गाडीत असतो, काचा बंद, आणि नाशिकचं ऊन थंड म्हणायचे दिवस कधीच गेले. म्हणून टाकाच घाला, ग्लू फक्त आत, जिथे काही धरून ठेवायचं नाहीये तिथे.

दांडीचं सांगते आणि संपवते, कारण क्लासमधे हेच शिकवलं नाही आणि खरा बुके हाच. एकवीस गुलाब आणि नऊ फुलं, एवढ्या तारा एकदम मुठीत धरल्या तर मधली फुलं दबतात. मी तीन तीनच्या जुड्या केल्या, प्रत्येक जुडी वेगळी टेपने बांधली, मग मधे एक जुडी उभी धरून बाकीच्या थोड्या तिरक्या, एकाच दिशेने फिरवत लावल्या, ज्वारीची पेंढी उभी करतात ना तशी, मधे आवळलेली आणि वर पसरलेली. जिथे तारा एकमेकींना ओलांडतात तिथेच बांधायचं, वर नाही खाली नाही. मग माना टाकत नाहीत. खालच्या तारा वेगवेगळ्या लांबीला कापल्या, नाहीतर दांडी मुसळासारखी होते, आणि तारेची टोकं टेपमधे नीट लपेटली, गाऊनला एक टोक लागलं तर वाट लागेल. वर रिबन, आणि रिबन अडकवायला मोतीवाल्या टाचण्या. टाचणी खालून वर, तिरकी, दांडीच्या आत जाईल अशी खुपसायची, आडवी घातली तर टोक पलीकडे निघून नवरीच्या तळहातात. मी आडवी घातली, माझ्याच हातात घुसली, म्हणून माहिती. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं, ६४० ग्रॅम. थोडा जड आहे, सोळा गुलाबात पण भागलं असतं.

खर्चाचं म्हणाल तर स्वस्त पडत नाही, कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. फी धरून माझे साडेतीन हजाराच्या आसपास गेले, तेवढ्यात गणेशवाडीच्या फुलबाजारातून पहाटे खरे गुलाब आणून कुणाकडून बांधून घेता येतो. वर वीस पंचवीस तास बसणं झालं. हौस असेल तरच या भानगडीत पडा.

क्लासला पाचपैकी तीन देते, अडीच मॅडमच्या हाताला आणि अर्धा त्यांच्या आल्याच्या चहाला. जायचं असेल तर आधी फोनवर विचारा की किटशिवाय फी किती, आणि रिबन दुहेरी साटीन आहे का. दुसऱ्या दिवशी बाराच्या आत बुके काढा म्हणून मागे लागा, क्लिपा काय केव्हाही होतात.

लग्नात बुके उभा राहिला, एक पण फूल हललं नाही. आता तो तिच्या सासरी शोकेसमधे आहे. धूळ बसली तर काय करू म्हणून तिचा फोन आला होता, तिला सांगितलं हेअर ड्रायर मार पण थंड हवेवर, गरमवर अजिबात नाही.

मॅडमना फोटो पाठवला होता. त्यांचा लगेच मेसेज, दांडी कशी केलीस, पुढच्या बॅचला येऊन दाखवशील का. मी लिहिलं येते की, फी किती देणार. निळ्या टिका आल्यात, तीन आठवडे झाले, उत्तर नाही.